सतरावा ठोका

एमआयडीसीत गुरुवारी सुट्टी.
वीज असते, माणसं नसतात.
म्हणून भोसरीतली शेड त्यांना दिली,
महिना आठशे, वर लाइटबिल,
आणि एक अट: ऑइलच्या डब्यांवर बसायचं नाही.

चौघं होती.
निसार तांबोळी ड्रमवर. वडील फोर्जिंगला होते, कानानं गेलेले,
घरात ओरडल्याशिवाय बोलणंच नाही,
तेव्हा मोठा आवाज म्हणजे माया, असा त्याचा समज असावा.
अभिराम टिल्लू, गिटार, सदाशिव पेठेतून दोन बस बदलून;
डब्यात उपासाची खिचडी, गुरुवार ना.
शलाका धिवार, बास. कमी बोलायची. बिल तीच भरायची.
आणि हर्षद गव्हाणे गायचा.
गायचा म्हणजे,
पहिल्या दिवशी मी चहा टाकून धावत आलो,
वाटलं कुणाचा हात गेला प्रेसमध्ये.

नाव काय रे तुमचं? तर म्हणे, भारनियमन.
म्हटलं, बोर्डवाले केस करतील.

मी वॉशर बनवतो. बनवायचो.
पन्नास टनी प्रेस, राजकोटची, सेकंडहँड.
सोळा ठोके सरळ मारायची
आणि सतराव्याला अडखळायची.
क्लचची चावी झिजलेली.
चावी अठराशेची. दर महिन्याला म्हणायचो, पुढच्या महिन्यात.

एका गुरुवारी अर्जंट ऑर्डर निघाली.
आज नाही जमणार रे, मशीन चालू आहे.
निसार म्हणाला, काका, चालू द्या.
आणि बसला की ऑइलच्या डब्यावर,
डोळे मिटून, मांडीवर बोटं.
सोळा. मग हात हवेत.
मग ठोका.
त्या दिवशी मी चार हजार वॉशर काढले
आणि त्यानं एक गाणं.

पुढचं सगळं मी लांबून पाहिलं.
कॉलेजच्या गॅदरिंगला चप्पल आली, एकच, डाव्या पायाची;
शलाकानं ती जपून ठेवलीय म्हणतात.
कोथरूडच्या हॉलमध्ये सेक्रेटरींनी स्वतः मेन स्विच पाडला,
आणि भारनियमन या नावाची लोकांना पहिल्यांदा गंमत वाटली.
मग कुणीतरी त्याचा व्हिडिओ टाकला.
मग तळेगावच्या जिमा, मग चाकणचे टेम्पोवाले,
मग मंचरला एका वरातीत लावलं तर घोडी उधळली,
नवरदेव पार पेट्रोल पंपापर्यंत.
मग सळईची जाहिरात: हर्षद साडेसात सेकंद ओरडतो,
मग स्लॅबवर उभे राहून एक आजोबा हसतात.
माझ्या सुनेच्या फोनवर तेच वाजतं.
पेपरच्या पुरवणीत एका जाणकारांनी लिहिलं,
सतराव्या ठोक्याची ती पोकळी म्हणजे
यंत्रयुगातल्या माणसाचं एकाकीपण.
कात्रण जीएसटीच्या चलनांबरोबर लावून ठेवलंय.

शलाका आली होती, पाकीट घेऊन.
काका, तुमच्या मशीनचे.
घेतले. खोटं कशाला बोलू.
मशीन तेव्हा नव्हतीच पण,
अडतीस रुपये किलोनं गेली होती,
भंगारवाल्यानं दोनदा वजन केलं, दोन्हीदा कमी.
ती कोपऱ्यातल्या चार बोल्टांकडे बघत राहिली,
मग विचारलं, आवाज कुठं असेल हो तिचा?
मी म्हटलं, चहा घेणार?

परवा बालेवाडीला गेलो. गळ्यात पास, कानात कापूस.
स्टेजजवळच्या पोरानं हटकलं, तुम्ही कोणाचे?
काय सांगणार. पुढे गेलो.
धूर, लाल दिवे, निसारच्या कपाळाला पट्टी.
दर ठोक्याला बरगड्यांत धप्प.
मी मोजत होतो. सवयच ती.
चौदा.
पंधरा.
सोळा.

आणि सगळं स्टेडियम गप्प.
वीस हजार माणसं, हात वर, श्वास धरून
त्या फटीत उभी
जिथं मी अठराशे रुपये घातले नाहीत.

माझा उजवा पाय
आपोआप खाली दबला.